दाबाआधीची मांडणी : घरगुती एस्प्रेसो आणि कॉफीच्या पुडीचा थर

एस्प्रेसो म्हणजे अतिशय बारीक दळलेल्या कॉफीच्या पुडीचा, लहान गोल भांड्यात दाबून बसवलेला थर आणि त्या थरातून मोठ्या दाबाने पंचवीस-तीस सेकंदांत आरपार काढलेले गरम पाणी, अशी या पेयाची सरळ व्याख्या करता येते. या व्याख्येतील पाण्याचा दाब आणि तापमान या दोन गोष्टींवर यंत्रे बनवणाऱ्यांनी शतकभर डोके लढवले आणि जाहिरातीही त्यांच्याच होत राहिल्या. पुडीचा थर मात्र कॅफेतील कारागिराच्या हाताच्या सवयीवर सोडून दिला गेला. एस्प्रेसोचे यंत्र घराच्या ओट्यावर आले तेव्हा ते अशी सवय नसलेल्या माणसाच्या हाती पडले, आणि त्याच बियांची, त्याच वजनाची, त्याच यंत्रावरची कॉफी सकाळी मधुर व दुपारी तोंड वाकडे करायला लावणारी का होते, हा प्रश्न पुढे आला. त्याचे उत्तर बहुतेक वेळा यंत्रात नसते. यंत्राचे बटण दाबण्यापूर्वीच्या अर्ध्या मिनिटात, पूड भांड्यात कशी पडली आणि कशी पसरली यात ते असते.

हा प्रश्न इतक्या उशिरा का उद्भवला ते इतिहास पाहिला की कळते. इटलीतील तुरीन शहरात आंजेलो मोरिओंदो याने १८८४ साली वाफेच्या बळावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १९०१ साली मिलानच्या लुईजी बेत्सेरा याने गिऱ्हाइकासमोर एकेका कपापुरती कॉफी काढून देणाऱ्या यंत्राचे. या यंत्रांत वाफेचा दाब जेमतेम दीड बार असे. एक बार म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाएवढा दाब. एवढ्या कमी दाबाला पूड जाडसर ठेवावी लागे आणि जाडसर पुडीत लहानसहान विषमता खपून जाई. मिलानच्याच आकिल्ले गाज्जा याने १९३८ साली या दिशेने पहिला पेटंट-अर्ज केला आणि दुसरे महायुद्ध संपल्यावर स्प्रिंग, दट्ट्या व तरफ यांवर चालणारे यंत्र बाजारात आणले, तेव्हा दाब आठ-नऊ बारवर पोचला आणि कपातील कॉफीवर क्रेमा नावाने ओळखला जाणारा तपकिरी-सोनेरी फेस प्रथमच दिसू लागला. पुढे १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने हाताच्या तरफेऐवजी विजेच्या पंपाने तोच दाब सलग देण्याची सोय केली. त्या यंत्रातील पूड धरणाऱ्या भांड्याचे ५८ मिलिमीटर व्यासाचे माप आजही व्यावसायिक आणि बऱ्याचशा घरगुती यंत्रांत टिकून आहे. दाब सहापट झाला, त्याला अडवण्यासाठी पूड अधिकाधिक बारीक झाली, आणि थरातील प्रत्येक उणिवेची किंमत त्याच प्रमाणात वाढत गेली.

इटलीत एस्प्रेसोची मानके ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने एका कपासाठी ७ ग्रॅम पूड, यंत्रातून बाहेर पडताना ८८ अंश सेल्सियस तापमानाचे पाणी, ९ बार दाब, २५ सेकंदांचा अवधी आणि फेसासह २५ मिलिलिटर पेय असे प्रमाण दिले असून प्रत्येक आकड्याला थोडी मोकळीक ठेवली आहे. आजच्या घरगुती प्रथेत मात्र दुहेरी मापाची बास्केट, म्हणजे तळाला शेकडो सूक्ष्म छिद्रे असलेली पोलादी वाटी, वापरली जाते आणि १८ ग्रॅम पुडीतून साधारण ३६ ग्रॅम पेय काढले जाते. ही वाटी ज्या मुठीच्या धारकात बसते त्याला पोर्टाफिल्टर म्हणतात आणि वाटीत दाबून बसवलेल्या पुडीला पुढील विवेचनात चकती म्हटले आहे. ५८ मिलिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ सव्वीस चौरस सेंटिमीटरांहून किंचित अधिक भरते, म्हणजे नऊ बार दाबाला तिच्यावर सुमारे २४० किलो वजनाइतका भार पडतो. जेमतेम दीड सेंटिमीटर जाडीची, भुसभुशीत कणांची चकती आणि तिच्या डोक्यावर जवळजवळ अडीच क्विंटलांचे ओझे, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की पुढचा विषय निम्मा उलगडतो. चकतीत कमजोर जागा असेल तर पाण्याला ती सापडल्यावाचून राहत नाही.

सच्छिद्र थरातून पाणी कसे जाते याचा मूळ नियम कॉफीसाठी शोधला गेला नव्हता. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणारे अभियंते आँरी दार्सी यांनी १८५६ साली वाळूच्या थरातून झिरपणाऱ्या पाण्यावरील प्रयोगांतून तो मांडला : प्रवाह हा दाबातील फरकाच्या आणि थराच्या पार्यतेच्या समप्रमाणात व थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. पार्यता म्हणजे द्रवाला आपल्यातून वाट देण्याची थराची क्षमता. विसाव्या शतकात कोझेनी आणि कारमन यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या सूत्राने ही पार्यता कशावर ठरते ते अधिक नेमकेपणे सांगितले. कणांचा व्यास निम्मा केला तर पार्यता एक चतुर्थांश होते, आणि कणांमधील मोकळ्या जागेच्या बाबतीत तर ती याहून हळवी असते. चकतीच्या एका भागात मोकळी जागा २० टक्के आणि शेजारच्या भागात १७ टक्के असेल, तर या सूत्राप्रमाणे पहिल्या भागातून दुसऱ्याच्या पावणेदोन पट पाणी जाते. वरून पाहणाऱ्याला हा तीन टक्क्यांचा फरक कधीही दिसत नाही, आणि घरगुती एस्प्रेसोतील बहुतेक गैरसमजांचे मूळ नेमके इथे आहे : समतल पृष्ठभाग म्हणजे समान घनता असे गृहीत धरले जाते. पूड एका बाजूला ढिगाने पडली आणि ती तशीच वरून दाबली, तर पृष्ठभाग आरशासारखा सपाट होतो, पण ढिगाखालचा भाग घट्ट आणि समोरचा भाग पोकळ राहतो. दाबल्यामुळे विषमता नाहीशी होत नाही, ती फक्त झाकली जाते.

एकदा पाणी पोकळ भागातून अधिक वेगाने जाऊ लागले की तो प्रकार आपोआप बळावत जातो. वेगवान प्रवाह तिथले बारीक कण खाली वाहून नेतो, वाट रुंदावते, रुंद वाटेने आणखी पाणी येते, आणि काही सेकंदांत चकतीतून एक बोगदा तयार होतो; यालाच कॉफीच्या व्यवहारात चॅनेलिंग म्हणतात. बोगद्याच्या भिंतींतील कॉफी गरजेपेक्षा जास्त धुतली जाते आणि तिच्यातून कडवट, जीभ आकसवणारे घटक उतरतात, तर बाकीची चकती अर्धवट भिजून आंबटपणा देते. कडूपणा आणि आंबटपणा एकाच घोटात जाणवणे ही चॅनेलिंगची सर्वांत ओळखीची खूण होय, आणि घरी कॉफी करणारे अनेक जण ती न ओळखता बियांना किंवा भाजणीला दोष देतात.

हे आकड्यांत मांडणे शक्य आहे. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण तो सगळा उतरवणे इष्ट नसते. अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५०च्या दशकात केलेल्या कामातून १८ ते २२ टक्के विद्राव्य भाग उतरलेली कॉफी संतुलित लागते असा निकष रूढ झाला, आणि तो मूळचा गाळीव कॉफीचा असला तरी एस्प्रेसोलाही लावला जातो. १८ ग्रॅम पुडीतून २० टक्के म्हणजे ३.६ ग्रॅम द्रव्य उतरले आणि पेय ३६ ग्रॅम भरले, तर पेयात दहा टक्के कॉफी आणि नव्वद टक्के पाणी असते. अडचण अशी की हे मोजमाप सरासरीचे आहे. अर्ध्या चकतीतून २६ टक्के आणि अर्धीतून १४ टक्के द्रव्य उतरले तरी मापनयंत्र २० टक्केच दाखवील. पण एका बाजूने करपलेली आणि दुसऱ्या बाजूने कच्ची राहिलेली भाकरी सरासरीने नीट भाजलेली ठरत नाही. ज्यांच्याकडे वजनकाटा आणि घड्याळ आहे, आणि ज्यांचे आकडे दररोज जुळतात पण चव जुळत नाही, त्यांनी आपल्या आकड्यांमागे ही फसवी सरासरी दडली आहे का हे आधी पाहावे.

या प्रश्नाचा गंभीर गणिती अभ्यास तसा अलीकडचा आहे. ओरेगन विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन, गणितज्ञ जेमी फॉस्टर आणि विल्यम ली, बारिस्टा, म्हणजे कॅफेतील कॉफी-कारागीर, मायकेल कॅमरन व त्यांचे सहकारी यांनी २०२० साली ‘मॅटर’ या नियतकालिकात एस्प्रेसोवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. पूड जितकी बारीक तितका कणांचा पृष्ठभाग मोठा आणि म्हणून तितके निष्कर्षण अधिक, असे त्यांचे गणित सांगत होते. निष्कर्षण म्हणजे पुडीतून विद्राव्य भाग पाण्यात उतरणे. प्रत्यक्ष प्रयोगात मात्र पूड एका मर्यादेपलीकडे बारीक केल्यावर निष्कर्षण वाढण्याऐवजी घसरू लागले, आणि एकाच मांडणीतून निघालेल्या कपांमधील फरकही वाढला. चकतीचा काही भाग तुंबतो आणि पाणी उरलेल्या भागातूनच जाते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय नेहमीच्या सल्ल्याच्या उलट होता : पूड किंचित जाडसर ठेवावी, २० ग्रॅमऐवजी १५ ग्रॅम घ्यावी, आणि पाणी झटपट निघून गेले तरी घाबरू नये. हा उपाय सर्वांना रुचला नाही, कारण अशा कपात जुन्या एस्प्रेसोची जाडी कमी भासते, आणि चवीच्या बाबतीत गणिताचा शब्द अखेरचा मानण्याचे कारणही नाही. तरीही प्रवाह मंद करायचा म्हणून पूड बारीक करत सुटण्याची जी सवय घरोघरी दिसते, तिला या निबंधाने दिलेला धक्का योग्यच म्हणावा लागेल.

पूड एकसारखी पसरण्याआधी ती एकसारखी दळली जावी लागते. पात्यांच्या मिक्सरमध्ये बिया चिरडल्या जातात, त्यातून जाड तुकडे आणि धूळ एकत्र निघते, आणि अशा पुडीची कितीही निगुतीने मांडणी केली तरी एस्प्रेसो साधत नाही. त्यासाठी दातेरी चकत्यांचा ग्राइंडर लागतो. त्यात दोन दातेरी भागांमधील अंतर ठरलेले असते आणि बी त्या फटीतून जाण्याइतकी लहान होईपर्यंत फुटत राहते. हे दातेरी भाग सपाट असतात किंवा शंकूसारखे, आणि दोन्ही प्रकारांत ठरलेल्या आकाराच्या कणांबरोबर शंभर मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा, बारीक असे सूक्ष्मकण निघतातच. हे सूक्ष्मकण दोष नव्हेत; नऊ बारचा दाब अडवून धरण्याचे काम मुख्यतः तेच करतात. ते सर्वत्र सारखे विखुरले असले तर उपकारक आणि एके ठिकाणी गोळा झाले तर तिथली वाट बंद करणारे ठरतात.

ते गोळा होतात याचे एक मोठे कारण स्थिर विद्युत आहे. बिया फुटताना आणि एकमेकींवर घासताना कणांवर विद्युतभार येतो, त्यामुळे काही पूड ग्राइंडरच्या तोंडाला चिकटून बसते आणि काहींच्या गुठळ्या होतात. घरगुती कॉफीकारांत दळण्यापूर्वी बियांवर पाण्याचे दोन-चार थेंब टाकून त्या हलवण्याची युक्ती बरीच वर्षे चालत आली आहे; डेव्हिड रॉस यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यामागचे विज्ञान २०२३ साली ‘मॅटर’मध्येच आलेल्या दुसऱ्या निबंधाने तपासले. त्याचे एक प्रमुख लेखक जोशुआ मेंडेझ हार्पर हे ज्वालामुखीच्या राखेतील विजेचा अभ्यास करणारे, आणि राखेच्या ढगात कण जसे भारित होतात त्याच जातीची क्रिया ग्राइंडरमध्ये होते या जाणिवेतून हे संशोधन उभे राहिले. गडद भाजणीच्या, आत ओलावा कमी उरलेल्या बियांवर भार अधिक येतो, पूड जितकी बारीक तितका तो वाढतो, आणि बियांच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे वीस मायक्रोलिटर पाणी, म्हणजे १८ ग्रॅमला सहा-सात थेंब, घातले की तो बराच ओसरतो असे त्यांना आढळले. गुठळ्या कमी झाल्याने चकती अधिक एकसंध बसली, पाणी अधिक वेळ रेंगाळले आणि पेयाची तीव्रताही वाढली. फवारणीच्या लहान बाटलीचा एक-दोन फवाऱ्यांचा खर्च पाहता हा उपाय स्वस्तातला स्वस्त आहे. अर्थात बिया चिंब करू नयेत. ग्राइंडरचे भाग पोलादाचे असतात आणि त्यांना गंज चढतो.

इतके करूनही काही गुठळ्या उरतात, आणि त्यांच्यासाठी जो उपाय जगभर रूढ झाला तो कोणत्याही कंपनीच्या संशोधन विभागातून आलेला नाही. अमेरिकेतील जॉन वाइस यांनी २००५ साली आपल्या घरगुती ग्राइंडरच्या गुठळ्यांनी त्रासून बूड कापलेला दह्याचा छोटा डबा बास्केटवर नरसाळ्यासारखा बसवला, पूड त्यात घेतली आणि प्रयोगशाळेत विच्छेदनासाठी वापरतात तशा सुईने ती ढवळून मोकळी केली. वाइस यांच्या नावाची ही पद्धत आज डब्ल्यूडीटी या आद्याक्षरांनी सर्वत्र ओळखली जाते, आणि जागतिक स्पर्धांत उतरणारे बारिस्टाही ती वापरताना दिसतात. सुरुवातीला जाड सुई किंवा वाकवलेली कागदाची पिन वापरणारे पुष्कळ होते, पण जाड टोक पुडीतून नांगरासारखे जाते आणि मागे चर ठेवते हे लवकरच लक्षात आले. आता साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाडीच्या, ॲक्युपंक्चरच्या सुयांएवढ्या बारीक, पाच-सात सुया एका मुठीत बसवलेले साधन मिळते. बाटलीच्या बुचात तशाच सुया खोचून ते घरीही करता येते आणि कामात काही उणे पडत नाही.

या साधनाचा उपयोग पाहायला सोपा वाटतो आणि म्हणूनच तो बहुधा अर्धवट केला जातो. बास्केटवर आधी एक कडे, म्हणजे पूड सांडू नये म्हणून बसवायची धातूची उभी रिंग, ठेवावे आणि पूड शक्यतो मध्यभागी पडेल असे पाहावे. सुया प्रथम तळापर्यंत नेऊन लहान लहान वर्तुळांत फिरवाव्यात, आणि त्या बास्केटच्या भिंतीलगतही पोचतील याची काळजी घ्यावी, कारण भिंतीजवळचा भाग हाच सर्वांत उपेक्षित राहतो आणि बोगदेही तिथेच अधिक पडतात. तळ मोकळा झाल्यावर सुया हळूहळू वर उचलत मधला थर आणि शेवटी केवळ पृष्ठभाग विंचरावा. केवळ वरचा भाग ढवळून थांबणे म्हणजे तळाच्या गुठळ्यांवर मऊ पांघरूण घालणे होय. ढवळण्याला दहा-पंधरा सेकंद पुरतात. त्यानंतर पोर्टाफिल्टर ओट्यावर एकदाच, सरळ उभा, अलगद आपटला म्हणजे पूड किंचित खाली बसते. बाजूने ठोकणे मात्र टाळावे, कारण त्याने पूड भिंतीपासून सुटते आणि पाण्याला कडेने उतरायला फट मिळते. दाबल्यानंतर बाजूला टकटक करून भिंतीवरचे कण पाडण्याची जी लकब जुन्या कॅफेतून घरी आली आहे, ती चकतीला याच कारणाने सर्वांत घातक असते.

यानंतरची पायरी दाबण्याची, म्हणजे टॅम्पिंगची, आणि तिच्याविषयी जितके लिहिले गेले तितके कदाचित कशाविषयीच नसेल. तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास, बळ लावावे असा नियम अनेक वर्षे सांगितला गेला आणि काही जण स्नानगृहातील वजनकाट्यावर हात तयार करत राहिले. वर काढलेला २४० किलोंचा आकडा आठवला तर या आग्रहातील अनाठायीपणा ध्यानात येतो : हाताने लावलेले बळ काही किलो इकडेतिकडे झाले तरी पाण्याच्या भारापुढे ते किरकोळ असते. पूड आणखी दबेनाशी होईपर्यंत दाबणे पुरेसे आहे. त्यापुढे महत्त्व उरते ते दट्ट्या, म्हणजे टॅम्पर, सरळ उभा राहण्याला. तो कलला तर चकती एका बाजूला पातळ होते, आणि दार्सीच्या नियमानुसार पातळ बाजूने पाणी अधिक जाते. मनगट सरळ, कोपर टॅम्परच्या बरोबर वर, आणि बोटांची टोके बास्केटच्या काठाला टेकलेली असली की कल हाताला जाणवतो. टॅम्परचा व्यास बास्केटला नेमका बसणारा असावा हेही तितकेच खरे, कारण सैल टॅम्परच्या कडेने न दाबलेल्या पुडीचे वळे उरते आणि पाणी आधी तेच गाठते. घरगुती यंत्रांची मापे ५१, ५३, ५४ आणि ५८ मिलिमीटर अशी निरनिराळी असल्याने ही चूक खरेदीच्या वेळीच होते.

या दोन पायऱ्यांच्या आजूबाजूला साधनांचा मोठा बाजार उभा राहिला आहे. नॉर्वेच्या ऑस्लो शहरातील स्टॉकफ्लेथ्स या जुन्या कॉफीगृहाच्या नावाने ओळखली जाणारी एक रीत आहे, तीत तर्जनी आणि अंगठा यांच्या बेचक्याने पूड गोल फिरवत सपाट केली जाते. तिला खर्च शून्य, पण सराव भरपूर लागतो. ऑस्ट्रेलियातील कॅनबेराचे साशा सेस्टिच, जे २०१५ साली जागतिक बारिस्टा स्पर्धेत विजेते ठरले, त्यांच्या ओना कॉफीने बास्केटवर ठेवून फिरवायचे, तळाला उतरत्या पाकळ्या असलेले धातूचे साधन लोकप्रिय केले. ते देखणे आहे आणि पृष्ठभाग झटकन सपाट करते, परंतु त्याच्या पाकळ्या वरच्या काही मिलिमीटरांपलीकडे पोचत नाहीत, त्यामुळे खालच्या गुठळ्या जागच्या जागी राहतात. सुया वापरणाऱ्याला त्याची गरज नाही आणि सुया न वापरणाऱ्याला ते पुरत नाही, असा त्याच्याविषयीचा स्पष्ट अभिप्राय द्यावा लागतो. चकतीवर ठेवायची धातूची जाळी मात्र निरुपयोगी नाही : वरून पडणारे पाणी तिच्यामुळे पसरते, यंत्राचा फवारा स्वच्छ राहतो, आणि पहिल्या झोताने पृष्ठभाग उखणला जात नाही. फक्त ती वापरताना पूड थोडी कमी घ्यावी लागते, नाहीतर फुगलेली चकती वरच्या फवाऱ्याला टेकते आणि सगळी मेहनत फुकट जाते.

मांडणी साधली की नाही हे पाहण्यासाठी बूड नसलेल्या पोर्टाफिल्टरइतके प्रामाणिक साधन दुसरे नाही. नेहमीच्या पोर्टाफिल्टरची तोटी सगळे प्रवाह एकत्र करून दोष लपवते. बूड काढून टाकले की बास्केटचा तळ उघडा दिसतो. मांडणी चांगली असेल तर प्रथम तळाच्या सर्व छिद्रांशी जवळजवळ एकाच वेळी गडद थेंब उमटतात, मग ते मध्याकडे ओढले जाऊन एकच जाड, मधासारखी धार होते. कडेला अर्धचंद्राकृती कोरडा पट्टा बराच वेळ राहिला तर पूड दुसऱ्या बाजूला कललेली होती असे समजावे. एखाद्या जागी धार फार लवकर फिकट पिवळी पडली तर तिथे बोगदा पडू लागला आहे, आणि सुईएवढी चिळकांडी बाजूला उडून यंत्रावर ठिपके पडले तर तो पडून चुकला आहे. कॉफी काढून झाल्यावर चकतीत छिद्र दिसते का हे पाहण्याची सवयही पुष्कळांना असते, परंतु तिच्यावर फार विसंबू नये. दाब सुटताना पृष्ठभाग उलटपालट होतो आणि निर्दोष कपाची चकतीही ओबडधोबड दिसू शकते. ज्या यंत्रांत पूर्वभिजवण, म्हणजे पूर्ण दाबाआधी काही सेकंद कमी दाबाचे पाणी सोडण्याची सोय आहे, त्यांत चकती आधी फुगून भेगा बुजवते आणि लहान चुका पोटात घेते, पण ढवळण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला या विषयाची स्थानिक बाजूही लक्षात घ्यावी लागते. कॉफीची पूड हवेतील ओलावा ओढून घेते. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्याच्या महिन्यांत दळून ठेवलेली पूड काही तासांत बदलते आणि कालचे ग्राइंडरचे माप आज चालत नाही, म्हणून तिथे काढण्याच्या क्षणीच दळणे हा एकच मार्ग आहे. उलट विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात स्थिर विद्युत अधिक त्रास देते, आणि पाण्याच्या थेंबांची युक्ती तिथे अधिक उपयोगी ठरते. बियांचे म्हणाल तर अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याची थोडी लागवड वगळता इथे पोचणारी कॉफी मुख्यतः कर्नाटकातील असते. भारताच्या उत्पादनात रोबस्टा जातीचा वाटा सुमारे सत्तर टक्के आहे आणि दाट क्रेमा देणाऱ्या या जातीमुळे इटली हा भारतीय कॉफीच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक आहे. मंगळुरूच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात महिनोन्‌महिने फुगवलेली मान्सून्ड मलबार ही कॉफीही एस्प्रेसोच्या मिश्रणांत मानाने घातली जाते. ताज्या भाजणीच्या बियांत मात्र कार्बन डायऑक्साइड वायू भरपूर असतो आणि तो चकतीतून बाहेर पडताना प्रवाह विस्कटतो, म्हणून भाजणीनंतर आठवडाभर तरी थांबलेले बरे. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांतील फिल्टर कॉफीचे पितळी भांडे ज्यांच्या घरी आहे त्यांना तर या शास्त्राचा एक अंश आधीपासून ठाऊक असतो : वरच्या भांड्यातील पूड समतल करून तिच्यावर दांड्याची चकती हलकेच ठेवायची, कारण तिथेही पाणी सोप्या वाटेनेच खाली उतरते, फक्त तिथे दाब गुरुत्वाकर्षणाचा असल्याने चूक माफ होते.

एक सूचना खरेदीपूर्वीच दिली पाहिजे. स्वस्त घरगुती यंत्रांबरोबर अनेकदा दुहेरी भिंतीची बास्केट येते, तिच्या बाहेरच्या तळाला एकच बारीक छिद्र असते आणि दाब पुडीमुळे नव्हे तर त्या छिद्रामुळे तयार होतो. अशा बास्केटमध्ये पूड कशीही पसरली तरी फेस येतो आणि या लेखातील कोणतीही काळजी कपात उतरत नाही. खोक्यावर ठळक छापलेला १५ बारचा आकडाही पंपाच्या कमाल क्षमतेचा असतो, चकतीला लागणाऱ्या दाबाचा नसतो, म्हणून त्यावर पैसे मोजण्यात अर्थ नाही. खर्चाचा क्रम लावायचाच झाला तर सर्वांत मोठा वाटा चांगल्या ग्राइंडरला द्यावा, मग एकेरी भिंतीची बास्केट आणि तिला नेमका बसणारा टॅम्पर घ्यावा, बुचात खोचलेल्या सुया घरीच कराव्यात, आणि फिरवायच्या चकचकीत साधनांसाठी ठेवलेले पैसे ताज्या बियांवर घालावेत.